मुलं दोन घरांत, शाळा एकच: फोंडा आणि म्हापसा. वेळापत्रक कसं बसवावं?

फोंड्याची_आई
नमस्कार. आम्ही नवरा-बायको मार्चपासून वेगळे राहतोय. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, दोघांची शाळा फोंड्यात. तिची ७.४५ ते १.३०, त्याची ८ ते १२.३०, शनिवारी अर्धी शाळा. मुलं माझ्याकडे आहेत. त्यांचे बाबा म्हापशाला राहतात, नोकरीही तिथेच. बुधवारी त्यांना सुट्टी असते, शनिवार-रविवार एक आड एक मोकळे मिळतात.

त्यांचं म्हणणं, एक आठवडा मुलं इथे, एक आठवडा तिथे. मला मुलांना बाबांपासून तोडायचं नाही, पण हे झेपेल असं वाटत नाही. अजून कोर्टात गेलेलो नाही. पुढे संमतीने कागद करायचा आहे. तर विचारायचं ते असं: वेळापत्रक कसं ठेवावं, शाळेला काय आणि किती सांगावं, गणपतीच्या चवथीला (गणेश चतुर्थीला) मुलं कुठे, आणि खर्च कसा वाटावा? ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

मांडवीकाठ
ताई, आधी घड्याळ मांडून बघा, मग हक्काचं बोला. म्हापशाहून पणजी, जुनं गोवें, बाणस्तारीमार्गे फोंडा साधारण ४० किलोमीटर. ७.४५ ला मुलगी वर्गात बसायची तर घर ६.१५ ला सोडावं लागेल, म्हणजे पाच-सव्वापाचला उठणं. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू असेल तोवर आणि पावसात यात आणखी २० मिनिटं धरा. हे आठवड्यातून पाच-सहा सकाळी करायचं, आणि दुपारी तेवढंच परत. तिसरीतलं मूल दोन आठवड्यांत आजारी पडतं, आजारी नाही पडलं तर पहिल्या तासाला पेंगतं. एक आठवडा इथे, एक तिथे ही पद्धत वाईट नाही, पण दोन्ही घरं शाळेपासून अर्ध्या तासाच्या आत असतील तरच ती चालते. हेच त्यांना आकड्यांत लिहून दाखवा. ‘तुम्हाला मुलं देत नाही’ असं ऐकू जाण्यापेक्षा ‘पाचला उठवावं लागतं’ हे पटतं.

तुमच्या स्थितीला बसेल ते असं. एक आड शनिवारी शाळा सुटल्यावर बाबांनी थेट शाळेच्या फाटकावरून न्यायचं, रविवारी संध्याकाळी ६ ला फोंड्याच्या दारात सोडायचं. ६ म्हणजे ६. आंघोळ, जेवण, सोमवारचं दप्तर भरणं आणि झोप यांना दीड-दोन तास लागतात. आठला आलेलं मूल दहाला झोपतं आणि सोमवार बिघडतो. सोमवारी सकाळी थेट शाळेत सोडण्याचा मोह टाळा, पुन्हा तीच पाचची सकाळ.

दुसरं, दर बुधवार. बाबा १२.३० ला मुलाला घेतील, १.३० ला मुलीला, दुपारचं शीतकडीचं (भात-कालवणाचं) जेवण त्यांच्यासोबत, मग अभ्यास, आणि ७ ला घरी. सुट्ट्या वगळून वर्षाला ३५ ते ४० बुधवार होतात. हा बुधवार शनिवारपेक्षा महत्त्वाचा मानतो मी. ज्या पालकाच्या वाट्याला फक्त सुट्टीचे दिवस येतात तो फिरायला नेणारा होतो आणि दुसरा ओरडणारा होतो. गणिताची वही, डायरीवरची सही, पाढे यातलं काहीतरी कायमचं बाबांकडे असायला हवं. उदाहरणार्थ मुलीचं गणित आणि विज्ञान बुधवारचं, ते तुम्ही मध्ये घ्यायचंच नाही.

यात एक अडचण येते, तिच्यामुळे हा बेत महिन्याभरात मोडतो: फोंड्यात सहा तास बसायचं कुठे? बागेत पावसाळ्याचे चार महिने बसता येत नाही, हॉटेलात अभ्यास होत नाही. तीन मार्ग आहेत. एक, बुधवारी तुम्ही कामावर असाल तर तुमच्याच घरात त्यांनी बसायचं. पण कुठल्या खोल्या वापरायच्या, स्वयंपाकघर वापरायचं की डबा आणायचा, तुम्ही कधी परत येणार हे आधी लिहून ठरवा, नाहीतर प्रत्येक बुधवारी नवीन कुरबुर. दोन, फोंड्यातल्या एखाद्या नातेवाइकाकडे ठरलेली खोली. तीन, ३ ते ४.३० एखादा वर्ग लावायचा, तबला, पोहणं काहीही, आणि उरलेल्या वेळेपुरती जागा शोधायची. पहिला मार्ग दोघांत आवाज चढत नसेल तरच.

रात्रींचा हिशोबही मांडा. एक आड शनिवार म्हणजे वर्षाला २६ रात्री. त्यात मे महिन्याचे १५ दिवस, दिवाळी-नाताळातले ८-१० दिवस धरले की ५० पर्यंत जातं. शाळेच्या दिवसांत कमी, सुट्टीत जास्त, असंच त्यांच्यासमोर ठेवा. उद्या ते फोंड्यात किंवा बाणस्तारीपर्यंत राहायला आले तर सोम-मंगळ एकाकडे, बुध-गुरू दुसऱ्याकडे आणि शुक्र ते रवि आलटून पालटून अशी मांडणी करता येईल. त्यात कुठल्या वारी कुठे हे मुलांना पाठ होतं, आठवडा मोजावा लागत नाही.

वर्गशिक्षिका_तिसवाडी
शाळेच्या बाजूने लिहिते. मुख्याध्यापकांच्या नावे एकच अर्ज, शक्यतो दोघांच्या सह्यांनी. त्यात चार गोष्टी: दोघांचे मोबाईल क्रमांक आणि पत्ते, मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं आणि नातं, दोघांनाही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्यावं ही विनंती, तातडीच्या वेळी आधी कोणाला फोन करायचा. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक शिक्का घ्या. नवीन शालेय वर्षात वर्गशिक्षक बदलतात, तोंडी सांगितलेलं तिथेच विरून जातं.

कोर्टाचा आदेश नसेल तर आई किंवा बाबा दोघांपैकी कोणीही मुलाला न्यायला आलं तर शाळेला अडवता येत नाही, हे लक्षात ठेवा. ‘त्यांना देऊ नका’ असं तोंडी सांगून शाळेला अडचणीत टाकू नका. आदेश झाला तर त्यातलं मुलांच्या ताब्याबद्दलचं पान तेवढं द्या. बाकीचं शाळेला लागत नाही, आणि ते कार्यालयात कोण कोण वाचेल सांगता येत नाही.

बालरथाने, म्हणजे शाळेच्या बसने, जात असतील तर चालक आणि सोबतच्या ताईंना वेगळं सांगावं लागतं. शाळेच्या कार्यालयातून निरोप त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. बुधवारी आणि एक आड शनिवारी मुलं बसमध्ये चढणार नाहीत, ही यादी महिन्याची तारखांसह लिहून द्या. ‘एक आड शनिवार’ म्हटलं की तिसऱ्या आठवड्यापासून गोंधळ सुरू.

वर्गशिक्षकांना एवढं पुरे: ‘आम्ही वेगळे राहतो. मुलं फोंड्यात आईकडे, बुधवारी आणि काही शनिवारी बाबा नेतात. काही बदल दिसला तर दोघांना कळवा.’ कारणं सांगू नका. विचारली तरी नका सांगू.

आता सामान. सगळ्यात जास्त रडारड सामानावरून होते आणि ती टाळणं सगळ्यात सोपं आहे. दोन्ही घरी हे स्वतंत्र हवं: कंपास, रंगपेटी, ॲटलास, टूथब्रश, रात्रीचे कपडे, रेनकोट, चार्जर, घरच्या चपला. औषधं असतील, म्हणजे दम्याचा पंप किंवा चष्म्याची जुनी जोडी, तर तीही दोन ठिकाणी. फिरतं फक्त दप्तर, डायरी आणि ज्याच्याशिवाय धाकटा झोपत नाही ती वस्तू. शनिवारी न्यायच्या दप्तरात सोमवारच्या तासिकांची पुस्तकं भरायची गरज नाही, रविवारी संध्याकाळी घरीच भरा. शालेय दप्तर धोरण २०२० प्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, तिसरीला १.७ ते २.५ किलो, सातवीला २ ते ३ किलो. दोन दिवसांचे कपडे त्यातच कोंबले की हे सहज ओलांडतं. कपड्यांना वेगळी कापडी पिशवी.

गणवेश पावसाळ्यात तीन जोड ठेवा, दोन पुरत नाहीत. जुलैत धुतलेली पँट दोन दिवस सुकत नाही, आणि रविवारी ओला गणवेश पिशवीतून आला की सोमवारी मूल कुबट कपड्यांत बसतं. पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट कुठल्या वारी लागतात ते दोघांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लावा.

प्रकल्प हा सातवीचा खास शत्रू. गुरुवारी सांगितलेला प्रकल्प सोमवारी द्यायचा असतो, चार्ट पेपर एका घरी, छापलेली चित्रं दुसऱ्या घरी. नियम करा: ज्या घरी कळलं त्या घराने त्याच दिवशी डायरीच्या पानाचा फोटो दुसऱ्याला पाठवायचा आणि अर्धं काम तिथेच करून घ्यायचं. गुंडाळलेला चार्ट बसमधून नेता येत नाही, घडी पडते. त्यामुळे शेवटचं चिकटकाम फोंड्याच्या घरीच ठेवा.

पालकसभेला जमलं तर दोघं एकत्र या. नसेल जमत तर वेगळी वेळ मागा, शाळा देते. प्रगतिपुस्तक एकच मिळतं, त्याची छायाप्रत करून घ्या. सहलीचं संमतिपत्र, १० आणि १६ वर्षांना शाळेत देतात त्या टीडी (धनुर्वात-घटसर्प) लशीची चिठ्ठी, अशा कागदांवर कोण सही करणार ते एकाकडे नेमून द्या आणि दुसऱ्याला फोटो. दोघं सही करायला लागले की चिठ्ठी दप्तरात आठवडाभर फिरते आणि शेवटी मूल बाईंची बोलणी खातं.

फोंड्याची_आई
खूप खूप धन्यवाद दोघांना. बालरथाच्या ताईंचं माझ्या डोक्यातच नव्हतं. चवथीचं आणि कागदाचं कोणी सांगेल का? त्यांचं मूळ घर डिचोलीत, गणपती पाच दिवसांचा. माझं माहेर केपेला, तिथे दीड दिवसाचा.

वकील_मडगाव
ताई, आधी एक सावधगिरी. तुमच्या लग्नाची नोंद गोव्यात झाली असेल तर तुम्हाला इथला कौटुंबिक कायदा लागतो, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, सगळ्या धर्मांना एकच. पुण्या-मुंबईकडचे जे नमुने इंटरनेटवर मिळतात त्यांत हिंदू विवाह कायद्याचं १३-ब (संमतीने घटस्फोटाचं) कलम असतं, ते उतरवून आणू नका. इथल्याच वकिलाकडून लिहून घ्या. महिलांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सेवा मिळते, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात येतो, म्हणून तुमचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दक्षिण गोव्याचं. मध्यस्थीसाठीही तिथेच विचारा.

संमतीच्या कागदात जे शब्द नंतर भांडणाला कारण होतात ते सांगतो. ‘उन्हाळी सुट्टी निम्मी निम्मी’ असं लिहू नका. पूर्वी शाळा जूनला सुरू व्हायची, एप्रिल-मे मोकळे असायचे. २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिललाच भरले. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, म्हणजे एकाच घरात एकाला एप्रिलात शाळा आणि दुसऱ्याला सुट्टी असं होऊ शकतं. म्हणून लिहायचं असं: ‘शाळेने त्या वर्षी जाहीर केलेल्या दिनदर्शिकेनुसार ज्या दिवसांत दोन्ही मुलांना सुट्टी आहे त्या दिवसांची निम्मी विभागणी, पहिला अर्धा भाग सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबांकडे.’ आणि ‘दिनदर्शिका हाती आल्यापासून १५ दिवसांत तारखा लिहून दोघांनी कबूल करायच्या.’

‘शनिवारी संध्याकाळी’ नको, ‘शाळा सुटल्यापासून’ हवं, आणि शाळेला अचानक सुट्टी असेल तर ‘सकाळी १० पासून, आईच्या घरून’. गोव्यात अतिवृष्टीचा इशारा आला की आदल्या संध्याकाळी सुट्टी जाहीर होते, तेव्हा हा एक ओळीचा खुलासा कामाला येतो. बुधवारी तशी सुट्टी आली तर काय, तेही त्याच ओळीत. मूल तापाने फणफणलं असेल तर घर बदलायचं नाही, पण दुसऱ्या पालकाला तिथे येऊन भेटता येईल, आणि चुकलेला दिवस पुढच्या दोन आठवड्यांत भरून द्यायचा. भरून देण्याची मुदत लिहिली नाही तर दिवस साठत जातात आणि डिसेंबरात कोणीतरी ११ दिवसांची मागणी करतो.

चवथ. इतर सण वर्षाआड वाटता येतात, चवथ वाटायला अवघड, कारण ती मूळ घराची असते. माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधायला, आरतीला सगळं कुटुंब तिथेच जमतं, चुलत भावंडं तिथेच भेटतात. बाबांची चवथ दुसऱ्या आठवड्यात हलवता येत नाही. माझा सल्ला: हरताळकेच्या सकाळी १० पासून पंचमीच्या संध्याकाळी ६ पर्यंत दरवर्षी डिचोली. त्याच्या बदल्यात दिवाळी, नरकासुराच्या रात्रीपासून भाऊबीजेपर्यंत, दरवर्षी तुमच्याकडे. दिवाळीचे फोव (पोहे) कुठल्याही घरात होतात. तुमच्या माहेरचा दीड दिवसाचा गणपती यात मुलांना मिळणार नाही, याचं वाईट वाटेल हे खरं आहे. त्यासाठी पंचमीनंतरचे उरलेले सुट्टीचे दिवस केपेला ठेवा. आजी-आजोबा, मामा असतातच. दर तिसऱ्या वर्षी उलट करायचं असेल तर तेही लिहा, पण तोंडी ‘बघू’ नको.

आणखी दोन कलमं. शाळा बदलणं, दाखला काढणं आणि राहण्याचा तालुका बदलणं यासाठी ६० दिवस आधी लेखी सूचना आणि दुसऱ्याची संमती. पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्श्चर डी लागतं; ते कोण, किती दिवसांत सही करून देईल तेही लिहून ठेवा. मुलांबद्दलची कुठलीही अट कायमची नसते. मुलांचं हित बदललं तर कोर्ट ती बदलू शकतं, त्यामुळे दर एप्रिलमध्ये दोघांनी बसून उजळणी करायची असंच कलम घाला. मुलगी नववी-दहावीला पोचेल तेव्हा ट्युशनच्या वेळांनी आजचं वेळापत्रक टिकणार नाही.

हिशेब_वही
खर्चाचं. निम्मं निम्मं न्याय्य दिसतं, पण पगारात फरक असेल तर कमी पगाराच्या माणसाला जड जातं आणि मग तो वर्गाची फी उशिरा भरतो. पगाराच्या प्रमाणात करा. एकाचा हातात येणारा पगार ६०,००० आणि दुसऱ्याचा ४०,००० असेल तर ६०:४०. वर्षाच्या सुरुवातीला वह्या, गणवेश, बूट, रेनकोट मिळून १२,५०० झाले तर एकाचे ७,५०० आणि दुसऱ्याचे ५,०००.

यात काय मोजायचं ते ठरवा: शाळेची फी, वाहतूक, गणवेश, वह्या-पुस्तकं, ट्युशन, एक छंदवर्ग, डॉक्टर आणि औषधं. काय मोजायचं नाही तेही: स्वतःच्या घरातलं जेवण, स्वतःच्या वेळेतला पेट्रोल-खर्च, खेळणी. बुधवारचा आणि शनिवारचा पेट्रोल-खर्च बाबांचाच राहू द्या. त्यावर हिशोब लावला की प्रत्येक भेट महाग वाटायला लागते.

एक गुगल शीट, पाच रकाने: तारीख, कशासाठी, रक्कम, कोणी भरली, बिलाचा फोटो. दर महिन्याच्या ५ तारखेला फरक युपीआयने, टिपणीत ‘शाळा, जुलै’ असं. २,००० च्या वरचा कुठलाही खर्च आधी विचारून. ४८ तासांत उत्तर नाही आलं तर होकार समजायचा, हेही आधी ठरलेलं हवं. फी आणि मुलांची भेट यांचा संबंध जोडू नका. पैसे थकले म्हणून शनिवार रद्द, किंवा शनिवार रद्द झाला म्हणून पैसे थकवले, असं एकदा झालं की पुढे दोन्ही बंद पडतं.

फोंड्याची_आई
सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचं एक. धाकटा रविवारी परत आल्यावर पोट दुखतं म्हणतो, रडतो, कधी तासभर बोलत नाही. बाबांकडे काही होतं असं नाही, तिथून फोटोत हसतो. काय करावं?

वर्गशिक्षिका_तिसवाडी
हे बदलाचं दुखणं आहे, आणि साधारण सातवी-आठवीपर्यंतच्या मुलांत खूप दिसतं. एका घरातून दुसऱ्यात जाताना मूल दोन्हीकडच्या माणसांची आठवण एकदम काढतं. परत आल्यावर पहिला अर्धा तास काही विचारू नका. ‘काय काय केलं तिथे?’ हा प्रश्न तुम्हाला साधा वाटतो, त्याला परीक्षेसारखा वाटतो. काय सांगितलं तर आईला वाईट वाटेल हे तो मनात तोलत असतो. आंघोळ, गरम पेज किंवा रोजचंच काहीतरी जेवण, आणि मग दप्तर भरणं, हाच क्रम दर रविवारी. क्रम बदलला नाही की महिना-दोन महिन्यांत पोट शांत होतं.

बाबांनीही सोडताना दारात पाच मिनिटांहून जास्त रेंगाळायचं नाही, आणि खर्चाचं किंवा तारखांचं बोलणं तिथे काढायचं नाही. मुलांच्या हाती निरोप, पाकिटं, बिलं पाठवायची नाहीत. दर रविवारी रात्री ९ नंतर एकमेकांना एकच मेसेज: काय खाल्लं, औषध दिलं का, कुठला अभ्यास झाला, पुढच्या आठवड्यात शाळेत काय आहे. चार ओळी. उत्तराला २४ तास.

पोट दुखणं शनिवारी जाण्याआधीच सुरू झालं, किंवा शाळेच्या दिवशीही होऊ लागलं, झोपेत लघवी होऊ लागली, किंवा खाणं तुटलं, तर बालरोगतज्ञांना दाखवा, ‘ताण असेल’ म्हणून घरी थांबू नका. शाळेत समुपदेशक असतील तर दोघांनी मिळून भेटा. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

मांडवीकाठ
फोनबद्दल राहिलं. मुलं एका घरी असताना दुसऱ्याचा फोन रोज एकदाच, ठरलेल्या वेळी, म्हणजे ७.३० ते ७.४५. जेवणाच्या आणि झोपायच्या वेळी नको, तेव्हा मूल नेमकं हळवं असतं. मुलगा बोलायला तयार नसेल तर त्याला बळेच उभा करू नका. त्याने त्या दिवशी काढलेलं चित्र किंवा वहीचं पान बाबांना पाठवा, त्याच्यासाठी तेवढं बोलणं झालं. आणि कधी फोंडा-म्हापसा अर्ध्या वाटेवर मुलं द्यायची वेळ आली तर कदंबच्या पणजी बसस्टँडवर उभं राहू नका. तिथून पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय चालत जाण्याएवढं जवळ आहे, मुलांचा विभाग आहे, बसायला जागा आहे. उघडं असण्याची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा.